मेथी-मोहरीचे मायक्रोग्रीन्स: पांढरी लव, आडवी पडणारी रोपं आणि मुलांना कच्चं देण्याचा प्रश्न

तुमची अडचण मला समजली ती अशी. नाशिकच्या इंदिरानगरला दुसऱ्या मजल्यावर घर, पूर्वेकडे गॅलरी. मायक्रोग्रीन्ससाठी, म्हणजे बी रुजवून कोवळीच कापून खायच्या रोपांसाठी, एकाच ट्रेमध्ये मेथी आणि मोहरी मिसळून लावली, दिवसातून तीनदा वरून फवारा. पहिल्या खेपेला तिसऱ्याच दिवशी पांढरी बुरशी दिसली म्हणून सगळं टाकून दिलंत. दुसऱ्या खेपेला चिकाटीने टिकवलंत, तर आठव्या दिवशी रोपं बुडातून आडवी झाली. बुरशीवर काय मारू आणि सहा वर्षांच्या मुलीला हे कच्चं दिलं तर चालेल का, असं तुम्ही विचारलंय.

बुरशीवर काहीही मारू नका. पहिल्या खेपेला तुम्ही टाकून दिलंत ती बहुतेक बुरशी नव्हतीच. दुसऱ्या खेपेला जे झालं ती मर होती, म्हणजे कोवळी रोपं बुडाशी कुजून कोलमडण्याचा रोग, आणि तिचं मूळ बी दाट पडण्यात आणि वरून वारंवार पाणी मारण्यात आहे. ट्रे डोळ्यांसमोर नसल्याने मी 'बहुतेक' म्हणतोय. पण पुढे सांगतो त्या खुणांवरून तुम्हाला स्वतःलाच खात्री करून घेता येईल.

बी रुजलं की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मुळीच्या अंगावर बारीक पांढरी लव येते. ही मूळरोमं. पाणी शोषायचं काम त्यांचंच, आणि हवा थोडी कोरडी झाली की ती जास्तच फुलतात. मुळ्याच्या आणि मोहरीच्या रोपांत ती इतकी दाट असतात की नवखा माणूस हमखास घाबरतो. ओळखायला एक सोपी परीक्षा आहे. स्वच्छ पाण्याचा हलका फवारा मारा. लव असेल तर ती मुळीला चिकटून दिसेनाशी होईल आणि थोड्या वेळाने पुन्हा फुलेल. बुरशी असेल तर पाण्याचे थेंब तिच्या जाळ्यावर अडकून राहतील, जाळं तसंच दिसेल. दुसरी खूण जागेची. लव फक्त मुळीवर असते आणि सगळ्या रोपांना सारखी असते. बुरशी एखाद्या कुजलेल्या बीपासून सुरू होते, तिचे धागे या देठावरून त्या देठावर जातात आणि डाग दिवसागणिक पसरतो. तिसरी खूण वासाची. लव आलेल्या ट्रेला ताज्या पाल्याचा वास येतो, बुरशीच्या ट्रेला कुबट.

आता आडव्या पडण्याचं. याचीही तीन कारणं असू शकतात आणि तिन्हींचे उपाय वेगळे आहेत. देठ लांब, फिकट, पण बुडाशी टणक असेल तर उजेड कमी पडला. पानं मलूल आणि ट्रे उचलल्यावर हलका लागत असेल तर तहान आहे, खालून पाणी दिल्यावर तास-दोन तासांत रोपं उभी राहतात. पण देठ जमिनीलगत पाणचट होऊन दोऱ्याएवढा बारीक झाला, तपकिरी पडला आणि रोपं एका ठिपक्यापासून गोलाकार पडत गेली, तर ती मर. तुम्ही 'बुडातून' लिहिलंय म्हणून माझा कौल मरेला.

निफाड-चांदवडकडचे शेतकरी कांद्याचं रोप टाकताना याच रोगाला जपतात. रोगही तोच आणि पिथियम, रायझोक्टोनिया या बुरशीही त्याच. म्हणून रोप गादीवाफ्यावर, म्हणजे उंच केलेल्या वाफ्यावर टाकतात, बी पातळ पेरतात, वाफ्यात पाणी साचू देत नाहीत. रोपवाटिकेत बुरशीनाशकही वापरतात, पण ते रोप पुढे शेतात लावायचं असतं आणि कांदा हाती यायला महिने जातात. तुमचा पाला आठव्या-दहाव्या दिवशी ताटात येणार. त्यामुळे औषधाचा विचारच सोडा आणि गादीवाफ्यामागचं तत्त्व तेवढं उचला: बी पातळ, बुडाला निचरा, देठाभोवती खेळती हवा. तिन्ही गोष्टी डब्याच्या आकारातही जमतात.

सुरुवात बियाण्यापासून. कृषी सेवा केंद्रातलं पेरणीचं पाकीट खायच्या पिकासाठी घेऊ नका. त्या बियांना बहुतेकदा थायरम, कॅप्टानसारख्या बुरशीनाशकाची प्रक्रिया केलेली असते, गुलाबी, निळा किंवा हिरवा रंग त्याचीच खूण. धुऊन ते निघून जाईल असं समजू नका. किराणा दुकानातली मेथी आणि मोहरी चांगली चालते, अडचण एवढीच की ती किती जुनी आहे ते कळत नाही. म्हणून नवीन पुडी आणली की आधी उगवण तपासा. ५० दाणे मोजून ओल्या टिश्यू पेपरात गुंडाळा, झाकणाच्या डब्यात ठेवा आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी मोजा. ४५ किंवा जास्त उगवले तर उत्तम. ४० च्या खाली गेले तर ती पुडी फोडणीला ठेवा. न उगवलेलं प्रत्येक बी त्या ओलाव्यात कुजतं आणि बुरशीची पहिली ठिणगी तिथेच पडते, म्हणून मी या तपासणीला इतकं महत्त्व देतो.

मेथी आणि मोहरी पुन्हा एकत्र लावू नका. मोहरी दोन दिवसांत वर येते आणि सातव्या ते नवव्या दिवशी कापणीला होते. मेथीला दहा ते बारा दिवस लागतात. एकत्र लावली की मोहरीच्या सावलीत मेथी ओली आणि कोंदट राहते, आणि मोहरी वेळेवर कापायला जावं तर मेथी अजून दोन बोटंही नसते.

भांड्यासाठी खर्च करू नका. आपल्याकडे द्राक्षाच्या हंगामात अर्ध्या किलोचे पारदर्शक प्लास्टिकचे डबे घरोघरी येतात, ज्यांना पॅकिंगवाले पनेट म्हणतात. त्यांच्या बुडाला आधीच भोकं असतात, म्हणजे खालून पाणी द्यायची सोय तयार. फक्त साबणाच्या पाण्याने नीट घासून धुवा, कारण त्यात फवारणी झालेली द्राक्षं होती. बुडाला टिश्यूचा एक थर टाकला की कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) भोकांतून गळत नाही. बाहेरून कागद गुंडाळलात तर कडेने हिरवं शेवाळ धरणार नाही. शेवाळाने पिकाचं नुकसान होत नाही, फक्त डबा अस्वच्छ दिसतो.

माध्यम म्हणून नुसतं कोकोपीट पुरे, अडीच सेंटिमीटर थर. त्याची ६५० ग्रॅमची दाबलेली वीट पाण्यात फुगून साधारण ८ लिटर होते, म्हणजे असे पंधराएक डबे. स्वस्त विटांमध्ये मीठ राहिलेलं असतं, त्याने मुळांची टोकं करपतात. म्हणून फुगवलेलं कोकोपीट दोन-तीन पाण्यांनी धुऊन, जुन्या सुती कापडात पिळून घ्या. मुठीत दाबल्यावर दोन-चार थेंब पडावेत, धार लागू नये. गांडूळखत किंवा शेणखत मिसळायचा मोह होईल, तो टाळा. आठ-दहा दिवसांच्या पिकाला लागणारं अन्न बियाण्यातच असतं. शिवाय जे कच्चं खायचं त्याच्या देठाशी शेणखत कशाला?

आता बियाण्याचं प्रमाण, कारण गडबड इथेच होते. पनेट साधारण १२ बाय १८ सेंटिमीटरचं धरलं तर मोहरी २ ग्रॅम, म्हणजे चहाचा जेमतेम अर्धा चमचा. मेथी ६ ग्रॅम, दीड चमचा. मुळा ५ ते ६ ग्रॅम, धणे ६ ग्रॅम, राजगिरा एक ग्रॅमच्या जरा वर, सुका हिरवा वाटाणा ३५ ते ४० ग्रॅम. पेरल्यावर मोहरी फार विरळ वाटेल, मध्ये कोकोपीट दिसेल. तसंच दिसायला हवं. प्रत्येक दाण्याभोवती दाण्याएवढी जागा मोकळी राहिली की पुढे देठांमधून वारा फिरतो. वाटाण्याला हा नियम लागू नाही, तो एकमेकांना टेकून चालतो, फक्त एकावर एक नको.

मेथी ६ ते ८ तास भिजवा, मुळा ४ तास, वाटाणा ८ ते १० तास, मध्ये एकदा पाणी बदलून. मोहरी आणि राजगिरा भिजवायची गरज नाही. अळीव आणि सब्जा तर चुकूनही भिजवू नका. त्यांच्याभोवती चिकट बुळबुळीत थर येतो आणि सगळं बी गोळा होऊन बसतं. ते कोरडंच भुरभुरवून वरून फवारा मारायचा. धणे पोळपाटावर लाटण्याने हलके रगडून दोन फाकी करा आणि मग १२ तास भिजवा. धण्याचा धीर वेगळाच, उगवायलाच आठवडा लागतो आणि कापणी अठरा ते बावीस दिवसांनी. पहिल्यांदा शिकताना ते घेऊ नका.

बी पसरलं की एकदाच चांगला फवारा मारा. त्यावर दुसरा रिकामा डबा उपडा न घालता सरळ बसवा आणि त्यात अर्धा लिटर पाण्याची भरलेली बाटली आडवी ठेवा. या वजनाने मुळी खाली घुसते, बी वर तरंगत नाही आणि मेथीची टरफलंही बरीचशी सुटतात. राजगिरा आणि अळिवाला वजन नको, नुसतं झाकण. मोहरी दोन दिवस अशी अंधारात, मेथी तीन दिवस. या काळात दिवसातून एकदा उघडून पाहा, बी कोरडं दिसलं तरच फवारा. नवरात्रातलं घटाचं धान आठवा. ते पिवळं, लांबोडकं होतं ते देव्हाऱ्याजवळच्या अंधारामुळे. आपल्याला तसा ताण सुरुवातीचे दोन-तीन दिवसच हवा, पुढे नाही.

वजन काढलं की वरून पाणी बंद, तुमच्या तीन फवाऱ्यांसकट. थाळीत एक सेंटिमीटर पाणी घ्या, डबा त्यात दहा-पंधरा मिनिटं ठेवा, मग उचलून निथळवा आणि थाळी रिकामी करा. थाळीत पाणी साचून राहिलं तर मुळं गुदमरतात आणि सगळी मेहनत पुन्हा मरेच्या घशात जाते. वेळ शक्यतो सकाळची, म्हणजे रात्री पृष्ठभाग कोरडा राहतो. किती वेळा, हे ऋतूवर आहे. डबा उचलून वजनाचा अंदाज घ्या: जड असेल तर आज पाणी नको. नळाचं पाणी चालतं. बोअरचं पाणी जड असेल तर कोकोपीटवर पांढरी पापडी धरते. तीही बुरशी नव्हे, क्षार आहेत, बोटाने खरवडली की भुगा होतो.

तुमची पूर्वेची गॅलरी या कामाला उत्तम आहे. वजन काढल्यावर पहिला दिवस उजेडात पण सावलीत, दुसऱ्या दिवसापासून सकाळचं कोवळं ऊन. साडेदहानंतरच्या उन्हात प्लास्टिकचा डबा तापतो, तेव्हा आत घ्या. महागडे दिवे लागत नाहीत.

नाशिकच्या हवेचा विचार मात्र करावा लागतो. डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा दहाच्या आसपास किंवा खालीही जातो. मोहरी, मुळा आणि वाटाण्याला ते मानवतं, मेथी दोन-तीन दिवस रेंगाळते, राजगिरा उगवतच नाही. त्या दिवसांत अंधारातला टप्पा स्वयंपाकघरात उरकायचा. एप्रिल-मेमध्ये दुपार चाळिशीकडे झुकली की वाटाणा आणि धणे कुजतात, तेव्हा राजगिरा आणि मूग घ्या आणि पाणी दोनदा द्या. सगळ्यात अवघड जुलै-ऑगस्ट. हवाच ओली असल्याने कोकोपीट सुकत नाही. अशा वेळी बी नेहमीच्या पाऊणपट टाका, पाणी एकाआड एक दिवस आणि दिवसातून दोन-तीन तास पंखा अगदी हळू, झोत थेट रोपांवर न सोडता. तुमच्या दोन्ही खेपा पावसाळ्यातल्या असतील तर अर्धा दोष हवेचाच समजा.

मुलीला द्यायचं का, हा प्रश्न बुरशीपेक्षा महत्त्वाचा आहे. आधी मोड आणि मायक्रोग्रीन्स यांत फरक करा. मोड आपण बी आणि मुळीसकट खातो आणि ते उबदार, दमट, बंद जागेत वाढतात. साल्मोनेला आणि ई. कोलाय या जिवाणूंना नेमकं तेच वातावरण हवं असतं. ते बीच्या भेगांत बसलेले असले तर धुऊन निघत नाहीत. २०११ मध्ये जर्मनीत ई. कोलायची मोठी साथ आली, सुमारे ४,००० लोक आजारी पडले आणि ५० हून अधिक दगावले. तपास मेथीच्या बियांपासून काढलेल्या मोडांपर्यंत पोहोचला. १९९६ मध्ये जपानच्या सकाई शहरात शाळेच्या जेवणातून हजारो मुलं आजारी पडली, तेव्हा संशय मुळ्याच्या कोवळ्या मोडांवर होता. आपल्याकडे मटकीचे मोड मिसळीत उकळूनच येतात, ही आपल्या स्वयंपाकाची चांगली सवय आहे.

मायक्रोग्रीन्स उजेडात आणि वाऱ्यात वाढतात आणि बी, मुळी मागे ठेवून वरचा भागच आपण कापतो. त्यामुळे धोका कमी होतो, पण शून्य होत नाही. माझी भूमिका अशी: निरोगी मोठ्या माणसांनी नीट धुऊन कच्चं खावं. पाच वर्षांखालची मुलं, गरोदर स्त्रिया, वयोवृद्ध आणि प्रतिकारशक्ती कमी झालेले रुग्ण यांना चांगली वाफ काढूनच द्यावं. तुमची मुलगी सहाची आहे, म्हणजे काठावर. मी तिला सुरुवातीला शिजवून देईन, थालीपिठाच्या पिठात किंवा उकळत्या वरणात. बुरशीचा डाग दिसलेल्या डब्यातलं तर कोणालाच नाही. डाग तेवढा काढून उरलेलं खायचा हिशेब करू नका. घरात कोणी रक्त पातळ ठेवण्यासाठी वॉरफरिन घेत असेल तर रोज खाण्याआधी डॉक्टरांना विचारा, कारण या पाल्यात के जीवनसत्त्व बरंच असतं.

काही रोपं मात्र लावूच नका. टोमॅटो, वांगी, बटाटा यांच्या कोवळ्या पाल्यात विषारी द्रव्यं असतात. राजमा आणि घेवडा कच्चे चालत नाहीत. आणि ज्वारी अजिबात नको. कोवळी ज्वारी चरून गुरं दगावतात हे खेड्यात सगळ्यांना ठाऊक आहे, तिच्या कोवळ्या पात्यातून सायनाइड तयार होतं. घटातलं ज्वारीचं धान म्हणूनच कोशिंबिरीत घालायचं नाही.

पोषणाबद्दल जे दावे फिरतात त्यांना थोडा लगाम घाला. २०१२ मध्ये अमेरिकेतल्या मेरीलँड विद्यापीठाच्या आणि तिथल्या कृषी विभागाच्या संशोधकांनी २५ प्रकारचे मायक्रोग्रीन्स तपासले. लाल कोबीत क जीवनसत्त्व, कोथिंबिरीत कॅरोटिनॉइड्स, लाल राजगिऱ्यात के आणि मुळ्याच्या एका जातीत ई जीवनसत्त्व सर्वांत जास्त आढळलं, बऱ्याचदा मोठ्या पानांच्या कितीतरी पट. पण ही तुलना वजनाला वजन आहे. एका पनेटमधून जेमतेम एक-दोन मुठी पाला निघतो. जेवणातली मेथीची जुडी त्याने वाचत नाही, जेवणाला जोड मिळते.

कापणीची वेळ पानांवरून ठरवा. पहिली दोन दलपत्रं (बीतून आधी निघणारी पानं) पूर्ण पसरली आणि मधून खरं पान नुकतंच डोकावलं की कापा. मोहरी आणि मुळा त्यापुढे ठेवले तर पान खरखरीत होतं आणि झणझणीतपणा वाढतो. मेथी जितकी उशिरा कापाल तितकी कडू. धारदार कात्रीने कोकोपीटच्या एक सेंटिमीटर वर कापा, उपटू नका. मेथीच्या पानांना टरफलं चिकटली असतील तर कापण्याआधी हाताने हलकंच घासून झाडा. ठेवायचं असेल तर न धुता, कोरडा टिश्यू घातलेल्या डब्यात, फ्रिजमध्ये चार-पाच दिवस. धुवायचं खाण्याच्या आधी. मेथीचा घोळाणा या पाल्याचा फार सुंदर होतो: बारीक चिरलेला कांदा, दाण्याचं कूट, मीठ, वरून कच्चं तेल, सोबत भाकरी. मोहरीचा पाला दह्याच्या कोशिंबिरीत तोंडाला चव आणतो, मुळ्याचा पोह्यांवर किंवा मिसळीवर कांद्यासोबत. वाटाण्याचे शेंडे लसणाच्या फोडणीत मिनिटभर परता. त्यांचा खालचा डोळा राखून कापलात तर दुसरी, थोडी बारीक कापणीही मिळते. बाकी पिकांचं कोकोपीट पुन्हा बी पेरायला वापरू नका, कुंडीत टाका, आणि डबा साबणाने धुऊन उन्हात वाळवा.

पुढच्या खेपेला एका डब्यात नुसती मोहरी २ ग्रॅम आणि दुसऱ्यात नुसती मेथी ६ ग्रॅम, एवढंच करा. मोहरी तीन दिवस उशिरा पेरलीत तर दोन्ही साधारण एकाच वेळी कापायला येतील. तरीही रोपं आडवी झाली तर डबा उलटून बुडाच्या भोकांतून मुळं पाहा. पांढरी असतील तर गडबड उजेडाची किंवा पाणी कमी पडल्याची. तपकिरी, बुळबुळीत असतील तर पाणी अजूनही जास्त होतंय, आणि मग दिवसाला किती वेळ डबा थाळीत ठेवता ते आणि कोकोपीट कोणत्या प्रकारचं आहे ते लिहा, म्हणजे पुढचं सांगता येईल.